कांबळे मॅडम आणि तीन बाटल्या पाणी

कांबळे मॅडमनी माझ्या पहिल्यावहिल्या संशोधन-पेपरचं पहिलं पान वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "ह्यातलं तुला म्हाईत किती हाय आन् वाटतंय किती, तेवढं येगळं करून आण जा."

मी उभीच. चार दिवस खपून लिहिलेलं पान होतं ते. इंग्रजी असं झोकात लिहिलं होतं की माझं मलाच कौतुक वाटत होतं. मी म्हटलं, "मॅडम, सगळंच माहीत आहे."

"व्हय? मग ही तिसरी ओळ बघ. 'हुपरीच्या चांदी कारागिरांना सांडपाण्यातल्या या धोक्याची कल्पना नाही.' किती कारागिरांना इचारलंस?"

एकालाही नाही.

"मग हे वाटतंय. खोड."

त्या पानावरचं असं एकेक 'वाटतंय' खोडत गेलो, तर शेवटी साडेचार ओळी उरल्या. मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी डबाही खाल्ला नाही. आज मी स्वतः पोरांचे पेपर तपासते आणि पहिला प्रश्न हाच विचारते. पोरं माझ्याकडं तशीच बघतात. बघू देत.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. बुटक्या, तुरुतुरु चालणाऱ्या, सुतारासारखी कानावर पेन्सिल ठेवणाऱ्या. वर्गात त्यांचं बोलणं स्वच्छ, पुस्तकी. पण कुणाचा पेपर हातात आला की त्यांचं गाव, कोडोली, तोंडात यायचं. शाईनं त्यांनी कधी काही कापलं नाही. म्हणायच्या, "शाईनं कापलं की पोरी रडत्यात आन् पोरं भांडत्यात. पेन्सिलीचं बरं असतंय. मीच चुकलो तर मला बी खोडता येतंय." आमच्याकडं बायकाही रागात किंवा मायेत आल्या की 'मी चुकलो, मी येतो' असंच बोलतात, बाहेरच्यांना त्याचं हसू येतं, आम्हाला नाही.

एकदा मी पेपरातला कृतीचा भाग लिहून नेला. कृती म्हणजे प्रयोग कसा केला ते. दुसऱ्या कुणालाही वाचून तसाच्या तसा करता आला पाहिजे. मॅडमनी विभागातल्या सगळ्या पोरापोरींना प्रयोगशाळेत बोलावलं, माझा कागद एका हातात धरला आणि वाचत वाचत प्रयोग सुरू केला. 'बाटलीत पाण्याचा नमुना घेतला.' किती घेतला हे मी लिहिलंच नव्हतं, म्हणून त्यांनी बाटली काठोकाठ भरली. 'त्यात आम्ल मिसळले.' आता बाटलीत जागा कुठं होती? थेंब टाकला की पाणी टेबलावर, टेबलावरून खाली. (आम्लाच्या जागी साधंच पाणी घेतलं होतं, तेवढी काळजी त्यांनी घेतली होती.) 'नंतर मिश्रण गाळले.' मॅडम थांबल्या. "कशातनं गाळू गं? पदरातनं?" आणि खरंच पदर बाटलीच्या तोंडावर धरला. पोरांची हसून मुरकुंडी वळली. मी भिंतीला टेकून उभी, कान लाल. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. "हसू नका," म्हणाल्या, "उद्या तुमचा कागद घेणार हाय."

त्यांचा आणखी एक किस्सा विभागात गाजलेला. एक वरिष्ठ सर होते, नाव कशाला घ्या. कुणाचाही पेपर तयार झाला की लेखकांच्या यादीत यांचं नाव हवं. मॅडमच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "आमचं नाव कुठं घालताय?" मी बाजूलाच बसले होते. मॅडम उठून उभ्या राहिल्या, अगदी अदबीनं म्हणाल्या, "घालू की सर. एवढंच करा, शनिवारी परिसंवाद हाय, तिथं ह्या पेपरातला तक्ता तीन तुम्ही समजावून सांगा." सर कागद घेऊन घरी गेले. शुक्रवारी शिपायाच्या हातून परत आला, वर चिठ्ठी: यावेळी राहू दे, कामाचा व्याप आहे. तेव्हापासून आमच्यात कुणी फुकट चहा प्यायला आलं तरी आम्ही विचारायचो, "तक्ता तीन येतोय का?"

आता माझ्या त्या पेपरचं सांगते, कारण मॅडम मला खऱ्या कळल्या त्या तिथं.

हुपरी माझ्या मामाचं गाव. तिथं घरोघरी चांदीचे पैंजण होतात. मामाच्या घराच्या पुढच्या सोप्यातही तेच, मामा चांदी वितळवून आटणी करायचा आणि मामी साखळ्या जोडायची. धुण्यापुसण्याचं सगळं पाणी गटारीला जातं. त्या गटारीच्या पाण्यात चांदी किती असते, आणि उसाच्या चिपाडाच्या राखेतून ते पाणी गाळलं तर किती उरते, एवढाच माझा विषय. बारा आठवडे, दर सोमवारी, मामाच्या दारातल्या गटारीचं पाणी बाटलीत भरून आणायचं आणि मोजायचं. राखेनं काम चोख केलं. चिपाडाची राख कोल्हापूर जिल्ह्यात मागेल तेवढी. मी खूश होते.

पण सातव्या आठवड्यात मला कावीळ झाली. तीन आठवडे अंथरुणावर. मी मामीला फोन करून विनवलं की सोमवारी बाटली भर आणि मामा माल द्यायला कोल्हापूरला येतो त्याच्याकडं दे. बिचारीनं तीनही सोमवार चुकवले नाहीत. मी बरी होऊन आले, मोजणी केली, तर सात, आठ, नऊ या तीन आठवड्यांत गटारीतली चांदी जवळजवळ गायब! दहाव्याला पुन्हा होती तेवढी.

मी डोकं चालवलं. आषाढ लागला होता, लग्नसराई संपली, पैंजणांना मागणी नाही, काम मंदावलं, म्हणून चांदी कमी. त्यावर एक देखणा परिच्छेद लिहिला. मॅडमनी समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.

"मग दहाव्या आठवड्यात काय पुन्हा लग्नं लागली व्हय? मामाला इचारलंस, काम कमी हुतं का?"

"हो मॅडम. मंदी येते-जाते. दरवर्षीचंच आहे."

"म्हाईत का वाटतंय?"

"माहीत," मी म्हटलं. मामाला मी एका शब्दानं विचारलं नव्हतं. मॅडमनी खोडरबर घेऊन ते प्रश्नचिन्ह पुसलं.

पेपर नियतकालिकाकडं गेला. तिथं तो नाव न सांगणाऱ्या दोन जाणकारांकडं तपासायला देतात, त्यांना रिव्ह्यूअर म्हणतात. चार महिन्यांनी उत्तर आलं, पेपर स्वीकारला! दुसऱ्या रिव्ह्यूअरनं तर नेमक्या त्या आषाढाच्या परिच्छेदाचंच कौतुक केलेलं. माझा जीव भांड्यात पडला. विद्यापीठाच्या नियमानं प्रबंध जमा करायला एक तरी पेपर स्वीकारलेला लागायचा, आणि माझ्या नोंदणीची मुदत संपायला सातच आठवडे उरले होते. मुदत चुकली की पाच वर्षं पाण्यात. घरी लग्नाची स्थळं येऊन थांबलेली, आई रोज विचारायची, "तुझं ते कधी संपतंय?"

पेढे घेऊन मी हुपरीला गेले. मामीच्या हातावर पेढा ठेवला, म्हटलं, "मामी, तुझ्या बाटल्यांमुळं झालं बघ."

मामी खुलली. "मग! मी तुला गटारीचं पाणी थोडंच पाठवणार हुतो?"

"म्हणजे?"

"अगं, तुला कावीळ कशानं झालती? पाण्यानं. डॉक्टर काय म्हणाला? पाणी जपा. आन् तू मागतीस काय, तर गटारीचं! मी येडी हाय व्हय? बाटल्या चांगल्या घासलो, नळाचं पाणी भरलो, ते बी फडक्यानं गाळून."

मी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. "मामी, ते प्यायला न्हवतं गं!"

"प्यायला नसू दे. हात तर लावणार हुतीस की."

आता या माणसाला काय बोलायचं? तिच्या डोळ्यांत इतकी माया होती की मला रडूही येईना आणि ओरडताही येईना. आषाढात काम तरी कमी होतं ना, असं मी चाचरत विचारलं, तर मामानं आतून आवाज दिला, "काम कशाला कमी हुतंय? आषाढात तर सगळ्यात जास्त माल काढलाय औंदा." झालं! माझा सगळा आषाढ गटारीत गेला.

चार दिवस मी गप्प बसले. खरं सांगते, सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. कुणाला कळणार होतं? मामी काय नियतकालिकाला पत्र लिहिणार होती? राखेचा निष्कर्ष खरा होताच. तीन आकडे चुकले तर जगाचं काय बिघडतं? असं मी स्वतःला दिवसभर समजवायची आणि मॅडम समोरून आल्या की जिन्यावरून परत फिरायची. पाचव्या दिवशी त्यांनीच गाठलं. "काय गं, चेहरा असा का? पुन्हा कावीळ का काय?" आणि मी सगळं सांगून टाकलं. मामाला विचारलं नव्हतं, हेही.

मला वाटलं, आता कोडोली जागी होणार आणि माझी सालटी निघणार. पण मॅडमनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "ते तीन आठवडे काढले तर उरतंय काय?"

"नऊ आठवडे. राखेचा निष्कर्ष टिकतो. आषाढ जातो."

"जाऊ दे. संपादकाला पत्र लिही."

"मॅडम, मुदत..."

"मला म्हाईत हाय तुझी मुदत. लिही."

मी लिहिलं: काही तांत्रिक कारणांमुळे तीन नमुन्यांत त्रुटी आढळली आहे. मॅडमनी वाचलं आणि आता मात्र आवाज चढला. "तांत्रिक? मामी तांत्रिक हाय व्हय गं? काय झालं ते लिही. तू आजारी हुतीस, नमुने दुसऱ्या माणसानं भरले, गटारीच्या जागी नळाचं पाणी भरलं, का भरलं ते बी. तू न इचारता आषाढ लिहिलास, ते बी. आन् खाली माझं घाल. मी शंका काढली हुती आन् मीच पुसली."

"तुमचं कशाला, मॅडम?"

"पेपरवर माझं नाव हाय न्हवं?"

ते पत्र आम्ही दोघींनी सात वेळा लिहिलं. मग पाठवलं. नंतरचे एकोणीस दिवस मी मोजलेत. मॅडमनी त्या दिवसांत पेपरचा विषय काढला नाही, पण दिसेल ती पेन्सिल तासत बसायच्या. टेबलाखाली हा एवढा ढीग. शिपाई झाडताना कुरकुरायचा.

विसाव्या दिवशी उत्तर आलं. संपादकानं आभार मानले होते. चक्क आभार! चुकीचे तीन आठवडे आणि आषाढ काढा, म्हणाला, सुधारून पाठवा. दुसऱ्या रिव्ह्यूअरनं, ज्यानं आषाढाचं कौतुक केलं होतं, एक ओळ लिहिली होती: नळाच्या पाण्यात मुळात चांदी किती आहे हे लेखकांनी नीट मोजून तेही द्यावं, कारण ते आम्ही आधीच विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः माझ्याबरोबर हुपरीला आल्या. मामीला वाटलं, चौकशी आली. पदर सावरत, दारातच रडवेली होऊन विचारायला लागली, "माझ्यामुळं पोरीचं वरीस बुडालं का ओ, बाई?"

"न्हाय ओ," मॅडम सोप्यात पाय पसरून बसल्या, "माझी लेक आजारी असती तर मी बी नळाचंच भरलं असतं. फक्त मला सांगितलं असतं. या, आता तेच पाणी पुन्हा भरा. न घासता, न गाळता. मी बघत बसतो."

मामीनं नळाखाली बाटल्या धरल्या, मॅडमनी त्यांवर मामीचं नाव घातलं. निघताना मॅडम म्हणाल्या, "तुमचं नाव छापणार हाय पेपरात, आभारात." मामी घाबरलीच. "नको ओ! पोलिसबिलिस आलं तर?" त्यावर मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं, नळाचं.

मुदतीला नऊ दिवस असताना पेपर पुन्हा स्वीकारल्याचं कळलं. मी मॅडमच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि रडले, मोठ्यानं, लाज सोडून. सुटले होते. छातीवर धोंडा होता तो कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. मॅडमनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "शुभांगी, दार लोटून घे."

मी दार लोटलं.

"माझा पयला पेपर हाय बघ, विहिरींच्या पाण्यावरचा. त्यात एका आकड्यात दशांशचिन्ह चुकलंय. दहापट झालाय आकडा. छापून आल्यावर माझ्या ध्यानात आलं. माझ्या गाइडना सांगितलं तर म्हणाले, छापलं ते छापलं, कोण बघतंय? मी बी गप बसलो." चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "दोन वर्षांनी एका पोराचं पत्र आलं, लांबचा कुठला तरी. तुमच्या कृतीनं करतोय, पण तुमच्याएवढा आकडा येत न्हाय, माझं काय चुकतंय? मी उत्तर दिलं न्हाय, शुभांगी. त्या पोरानं किती महिने स्वतःची चूक शोधली असंल. माझी शोधत हुता त्यो. ते पत्र अजून हाय माझ्यापाशी."

ज्या बाईनं मला 'वाटतंय' हा शब्द लिहू दिला नाही, तिच्या तोंडून हे ऐकत होते.

"तुला पत्र लिहायला लावताना मी किती भ्यालो हुतो, माझं मला म्हाईत. म्हटलं, संपादक हाणून पाडतोय आता, पोरीचं वाटोळं माझ्या हातनं हुतंय. तर त्यो आभार मानतोय!"

"मग तुम्ही पण लिहा की, मॅडम," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"आता? इतक्या वर्षांनी? रिटायर व्हायला आलो मी."

"मग काय झालं?"

मॅडमनी टेबलावरचे कागद आवरायला घेतले. रागावल्या असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून घेतलं आणि टेबलावर एक कागद सरकवला. त्या दशांशचिन्हाच्या चुकीचं पत्र लिहून तयार होतं, पाच ओळींचं. मी एक शब्दही बदलू शकले नाही.

मॅडमचा तो पहिला पेपर छापणारं नियतकालिक दुसऱ्या एकात विलीन झालेलं, संपादक बदललेले. पत्र इकडून तिकडं फिरत राहिलं. मॅडमनी त्या पोराच्या जुन्या पत्त्यावरही एक प्रत पाठवली; पोचली की नाही, कळलं नाही. तोवर माझा प्रबंध जमा झाला, पदवी मिळाली, गडहिंग्लजला नोकरी लागली. मॅडम निवृत्त झाल्या. आता त्या लेकीकडं नाशिकला असतात. फोनवर बोलणं होतं, पण भेट नाही. म्हणून मॅडम म्हटलं की मला त्या शेवटच्या दिसल्या तशाच दिसतात.

त्या नाशिकला जायच्या आधीच्या दिवाळीत मी सुट्टीला गडहिंग्लजहून आले होते. कोल्हापूरच्या स्टँडवर भर दुपारी ही गर्दी. बॅग सांभाळत रिक्षाकडं निघाले, तेवढ्यात कोडोलीच्या बसमधून हाक आली, "शुभांगी! ए शुभांगी!" बघते तर खिडकीच्या गजांतून मॅडमचा हात. बस सुरू झालेली, डुगडुगत होती. मी धावत खिडकीखाली गेले.

"आलं गं!" मॅडम ओरडल्या. "छापून आलं!"

सगळी बस वळून बघायला लागली. कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून थबकला. "काय छापून आलं, मॅडम? बक्षीसबिक्षीस का काय?"

"न्हाय ओ पावणं!" मॅडमनी त्याच्याकडं वळून, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं सांगितलं. "माझी चूक! माझी चूक छापून आली!"

आणि अशा खदखदून हसल्या की कंडक्टरला काही कळलं नाही तरी तोही हसला, त्यानं दोनदा घंटी मारली, आणि बस निघाली.